गाडी तापण्याची कारणं

यंत्रालाही जीव असतो आणि तो ओळखायला माणसाजवळ श्रद्धा लागते, असं माझे काका म्हणायचे. हे वाक्य ते गाभाऱ्यात उभं राहिल्यासारखे आवाज खाली आणून म्हणत. आमच्या व्हॅनचा जीव पुढच्या सीटखाली होता. सीट उचलली की तो दिसायचा: तेलकट, तापलेला आणि कायम पाणी मागणारा.

नाशिकच्या गंगापूर रोडला शहर जिथे तेव्हा संपायचं आणि वाफे सुरू व्हायचे, तिथे काकांची फुलशेती होती. झेंडू मुख्य, शेवंती आणि गुलाब हौसेपुरते. मी नाशिक रोडला नोकरी करायचो आणि सुट्टीला त्यांच्याकडे जेवायला जायचो. व्हॅन त्यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एका डॉक्टरांकडून जुनी घेतली. किल्ली हातात देताना डॉक्टरांनी अभिनंदन केलं नाही. "सांभाळा," एवढंच म्हणाले. पेशंटच्या नातेवाईकांना बाहेर बोलावून सांगतात त्या सुरात.

सकाळी तिच्यातून फुलं बाजारात जायची आणि सणावाराला माणसं. फुलं जास्त सुखात असत. इंजिन पुढच्या सीटखाली असल्यामुळे पुढे बसणाऱ्याला जानेवारीत फार बरं वाटे आणि मार्चपासून उठावंसं वाटे. बिघाड झाला तर आधी पुढच्या पाहुण्यांना उतरवायचं, सीट उलथायची आणि मग रोग बघायचा. त्यामुळे व्हॅनची कुठलीच दुरुस्ती गुपचूप होत नसे.

या जातीच्या जुन्या गाड्यांचे आजार ठरलेले असत. दिंडोरी रोडवरच्या एका गॅरेजसमोर लाकडी बाक होतं, त्यावर शहरातले व्हॅनवाले बसलेले असायचे. दवाखान्यात मधुमेहाचे लोक एकमेकांची साखर विचारतात, तशी तिथे चौकशी चाले. एकाचा चोक ओढल्याशिवाय गाडी जागी होत नसे आणि ओढल्यावर झोपत नसे. एकाच्या गाडीत तिसरा गिअर मागावा लागे. मिळेल अशी खात्री नसे. एकाच्या पायाखालचा पत्रा गंजून गेला होता, आणि खड्डा कितपत खोल आहे हे त्याला बसल्या जागी कळायचं. पुढे दोन हजार साल उलटल्यावर बऱ्याच जणांनी गॅसचं किट बसवून घेतलं, तेव्हा या यादीत वासाची भर पडली. जुनं काही कमी झालं नाही.

सरकत्या दारावर मात्र सगळ्यांचं बोलणं एकत्र यायचं. एकदा मी काकांबरोबर त्या बाकावर बसलो होतो. एक केटरर, एक शाळेची मुलं ने-आण करणारा आणि एक रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर असे तिघे आधीच बसले होते.

"माझं आतून उघडतं, बाहेरून नाय," केटरर म्हणाला. "भांडी उतरवायची तर एक माणूस आत ठेवून दार लावायला लागतं."

"माझं बाहेरून उघडतं, आतून नाय," शाळेवाला म्हणाला. "आमच्या धंद्याला ते बरंय."

सगळ्यांनी रुग्णवाहिकेवाल्याकडे पाहिलं. तो तंबाखू मळत होता.

"माझं उघडतच नाय," तो म्हणाला. "पण आमचा माल मागून चढतो."

काकांच्या गाडीचं दार उघडायचं, गिअर पडायचे, पत्राही शाबूत होता. तिला एकच आजार होता. ती तापायची. म्हसरूळचा चढ लागला की काटा वर सरकू लागे, आणि थोडं आणखी गेलं की सीटखालून वाफ निघे. पुढे बसलेला माणूस न सांगता अर्धा उठे.

मिस्त्रीने उपाय सगळे केले. रेडिएटर उतरवून साफ केला. पंख्याचा पट्टा बदलला. पाण्याचा पंप नवा टाकला. मिस्त्री सज्जन होता आणि देवाधर्माचं मानणारा होता. तेलाचे हात लागू नयेत म्हणून तो काम सुरू करण्याआधी गाडीच्या तोंडावरचा हार उतरवून भिंतीवरच्या खिळ्याला टांगून ठेवी. मग दुरुस्ती करी आणि गाडी लांबवर फिरवून आणी. गाडी थंड असे.

"काका, हिला काय झालेलं नाय," तो सांगायचा. "तुम्ही चालवता कशी ते बघा."

काका खिळ्यावरचा हार काढून पुन्हा गाडीच्या तोंडावर बांधायचे, नमस्कार करायचे आणि निघायचे. पुढचा चढ येईपर्यंत काटा वर.

हाराबद्दल सांगायला हवं. फूलवाल्याची गाडी बोडकी फिरत नाही, अशी त्या भागातली समजूत आहे. पहाटेच्या तोडणीतला पहिला हार गाडीला. कोणाच्या गाडीवर हार नसला तर बाजारात विचारतात, "का हो, यंदा रोग पडला का मळ्यात?" बाकीचे लोक नंबरप्लेटच्या वर एक नाजूक माळ अडकवतात. काका मात्र झेंडूचे होते आणि त्यांना मळ्याची लाज राखायची होती. त्यांचा हार मनगटाएवढा जाड असे आणि तो एक नसे. गाडीच्या तोंडाला जी जाळी असते, जिच्यातून रेडिएटरला वारा लागतो, ती त्यात पुरती झाकली जाई. दसऱ्याला तर दिव्यांखेरीज काहीच दिसत नसे. आणि दसऱ्याला गाडी सर्वांत जास्त तापे. याचं कारण काका असं सांगत की त्या दिवशी तिच्यात तेज येतं.

हे सगळं मी इथे एकाखाली एक लिहिलं म्हणून सरळ दिसतंय. तेव्हा तो हार होता, तो रेडिएटर होता, आणि दोघांचा काही संबंध असेल असं कोणाच्याच मनात आलं नाही. माझ्याही नाही. मी तेव्हा पाण्याला दोष देणाऱ्यांपैकी होतो. बोअरचं पाणी जड असतं, असं मी कुठेतरी वाचलं होतं आणि ते चारचौघांत बोलूनही दाखवत असे.

याच सुमारास माझ्या चुलत बहिणीचं, म्हणजे काकांच्या एकुलत्या एक मुलीचं लग्न ठरलं. मुलगा वणीच्या अलीकडच्या एका खेड्यातला. द्राक्षांची बाग, घर मोठं, दारात जीप. लग्न त्यांच्या दारी करायचं ठरलं. सुपारी फुटली, चहा झाला, आणि व्याही सहज म्हणाले, "नवरीला आणायला जीप पाठवतो आमची. तुम्ही कशाला तकलीफ घेता?"

"नको," काका म्हणाले. "आमची गाडी हे."

व्याह्यांनी खिडकीतून अंगणात उभ्या असलेल्या व्हॅनकडे पाहिलं. तिच्या खाली, कोणी ठेवायला सांगितलेलं नसतानाही, एक घमेलं होतं. तापल्यावर उतू जाणारं पाणी त्यात पडे.

"चालती का?" व्याह्यांनी विचारलं.

ते चेष्टेनं म्हणाले असतील, किंवा खरोखर काळजीने. त्यांच्या बरोबर आलेली मंडळी हसली. काकाही हसले. पण पाहुणे गेल्यावर त्यांनी घमेलं उचलून गोठ्यामागे नेऊन ठेवलं, आणि त्या दिवसापासून लग्नापर्यंत घरात एकच विषय राहिला. आचारी, मांडव, बस्ता, मानपान हे सगळं काकूंनी बघितलं. काकांनी गाडी बघितली. मुलगी आपल्या गाडीतून व्याह्यांच्या दारात उतरली पाहिजे, ती सुद्धा वाफ न निघता, एवढीच त्यांची इच्छा होती. बापाच्या इच्छा यापेक्षा मोठ्या असतात असं आपण समजतो. प्रत्यक्षात त्या बहुतेक एवढ्याच असतात.

"त्यांची जीप येऊ दिली असती तर काय बिघडलं असतं?" काकू एकदा म्हणाल्या.

"उद्या तिच्या सासरी कोणी म्हणायला नको, की तुझ्या बापानं तुला आमच्या गाडीत घातली."

"आणि रस्त्यात बंद पडली तर काय म्हणतील?"

"बंद कशाला पडंल?"

"आजवर कशाला पडली?"

यावर काका मिस्त्रीकडे निघून गेले.

लग्न मे महिन्यातलं, मुहूर्त दुपारचा. सकाळी मी पोचलो तेव्हा व्हॅन अंगणात उभी होती, पण ती व्हॅन आहे हे आठवणीवर विश्वास ठेवून मानावं लागत होतं. काकांनी आणि मळ्यातल्या बायकांनी मिळून झेंडूची चादर विणली होती. ती काचेच्या खालच्या कडेपासून थेट बंपरपर्यंत सोडलेली, मध्ये शेवंतीचं स्वस्तिक. दिव्यांना भोकं ठेवली होती. वर आंब्याची डहाळी. शिवाय वाटेत फुलं सुकली तर असावी म्हणून तशीच दुसरी चादर ओल्या पोत्यात गुंडाळून मागे ठेवलेली. मी मनापासून म्हणालो, छान दिसतेय. खरंच छान दिसत होती.

नवरी शालू सावरत बाहेर आली आणि गाडीपुढे थांबली.

"अण्णा," ती वडिलांना म्हणाली, "हिला बघून माझ्याकडे कोण बघणारे?"

"बस गुपचूप."

काका चालवायला, मी त्यांच्या शेजारी इंजिनावर, मागे नवरी आणि काकू. पायाशी पाण्याचे दोन कॅन. नारळ फुटला, लिंबं चाकाखाली गेली आणि आम्ही निघालो. शहरातून जाताना लोक वळून बघत होते. काका मान ताठ ठेवून चालवत होते. आरशातही बघत नव्हते, त्यामुळे मागच्यांना बराच त्रास झाला.

म्हसरूळच्या चढावरच काटा हलला. काकांनी त्यावर रुमाल टाकला.

"रुमाल काढा," मागून काकू म्हणाल्या.

"ऊन लागतंय त्याला."

दिंडोरी गेली. पुढे रस्ता हळूहळू चढत जातो, दोन्हीकडे बागा, सावली फारशी नाही. माझ्याखालची सीट आधी कोमट झाली, मग पोळायला लागली. उभं राहण्याइतकी जागा नव्हती म्हणून मी नुसता वर-वर होत राहिलो. शेवटी रुमालाखालून नाही, तर माझ्याखालून वाफ आली. काकांनी गाडी एका चिंचेखाली घेतली आणि बंद केली. ती बंद करण्याआधी थोडी आपणहूनच झाली होती.

आम्ही उतरलो. सीट उलथली. आत पाणी खळखळ उकळत होतं. तापल्यावर झाकण उघडायचं नसतं हे एव्हाना घरातल्या सगळ्यांना माहीत झालं होतं, तेव्हा थांबण्याशिवाय काम नव्हतं. नवरी चिंचेच्या मुळीवर रुमाल टाकून बसली. काकू तिला वारा घालत होत्या. काका गाडीकडे पाठ करून रस्त्याकडे बघत उभे राहिले. वणीकडून जीप येताना दिसेल, याची त्यांना भीती होती, असं मला वाटतं. कारण दुसरी कुठलीही गाडी आली की ते मोकळा श्वास सोडत.

"अण्णा," नवरी म्हणाली, "फोन करायचा का पुढच्या गावातून? घेऊन जातील ते."

"कोणाला फोन नाय करायचा."

"मी आपलं विचारलं. मुहूर्त माझा हे."

काका पुन्हा रस्त्याकडे बघू लागले.

तेवढ्यात गाडीच्या पुढच्या बाजूने कचाकचा आवाज येऊ लागला. इंजिन बंद होतं, त्यामुळे मला तो आवाज नवा बिघाड वाटला. मी वळसा घालून गेलो. शेळ्या होत्या. आठ-दहा शेळ्या व्हॅनच्या तोंडाशी अर्धवर्तुळात उभ्या राहून पंगतीला बसल्यासारख्या झेंडू खात होत्या. एकीने मागच्या पायांवर उभं राहून स्वस्तिकाला तोंड घातलं होतं.

काका धावले. "हाड! हाड! अहो, कोणाच्या शेळ्या ह्या?"

बांधावरून एक म्हातारी काठी टेकत आली. तिला घाई नव्हती.

"माझ्याच हायेत."

"मावशी, लग्नाची गाडी हे!"

"आसंल." तिने गाडीकडे, मग झाडाखालच्या नवरीकडे पाहिलं. "नवरीला तर काय केलं नाय ना त्यांनी?"

"फुलं खाल्ली ना सगळी!"

"मंग? गाडीला कोण खातंय? लोखंड तसंच हाय की." तिने एका शेळीला काठी दाखवली, ती शेळी दुसऱ्या टोकाला जाऊन खाऊ लागली. "चालत नाय का ती?"

पुन्हा तोच प्रश्न. शेळ्या हाकलेपर्यंत चादरीच्या जागी सुतळीची जाळी राहिली होती आणि मधे मधे देठ. स्वस्तिकाचा एक पाय शिल्लक होता. काकांनी तो हाताने काढून खिशात ठेवला.

पाणी निवलं. आम्ही कॅन ओतले, सीट बसवली, गाडी सुरू झाली. चढ अजून संपला नव्हता. काका ती हळू हळू घेत होते, कान इंजिनाकडे. माझी सीट गार होती. मी बोललो नाही. बोललं की दृष्ट लागते असं मी मानत नाही, पण त्या दिवशी प्रयोग करायची माझी तयारी नव्हती.

"अण्णा," मागून नवरी म्हणाली, "काटा बघा."

काकांनी रुमाल उचलला. काटा खाली होता. चढावर इतका खाली आम्ही तो कधी बघितलाच नव्हता.

"देवीचा भाग लागला," काका म्हणाले आणि समोरच्या डोंगरांना एका हाताने नमस्कार केला. "तिनं धरली गाडी."

"पंप नवा आहे," मी म्हणालो.

"ताजं पाणी पडलं," काकू म्हणाल्या.

"शेळ्यांनी हार खाल्ला तवापासून खाली हे," नवरी म्हणाली. "तोंड मोकळं झालं तिचं. मला डोक्यावरून पदर घेऊन बसवलंय तुम्ही, मला कळतंय."

मला वाटतं आम्ही तिघेही एकाच वेळी मनातल्या मनात मागचे सगळे दसरे मोजत होतो. मी पाण्यावरची माझी मतं आठवून पाहिली आणि खिडकीबाहेर बघू लागलो.

गाव दिसायला लागलं तेव्हा काकांनी गाडी बाजूला घेतली. उतरले, मागे गेले आणि ओल्या पोत्यातून दुसरी चादर काढली. ती ताजी होती. ते ती दोन्ही हातांवर घेऊन गाडीच्या तोंडापुढे उभे राहिले. सुतळ्या लोंबत होत्या, बंपरवर शेळ्यांची लाळ वाळली होती. गावात शिरायला शेवटचा एक चढ होता, छोटाच, पण उभा.

"अण्णा, घातलात तर मी इथून चालत जाईन," नवरी खिडकीतून म्हणाली. रागाने नाही, सांगून ठेवावं तसं.

"बोडकी न्यायची का मग? त्यांच्या दारात? फूलवाल्याची गाडी?"

"तुम्हाला गाडी दाखवायची का चालवायची?"

काकांनी चढाकडे पाहिलं, मग हातातल्या फुलांकडे. मी त्यांना बाजारात सौदे करताना पाहिलं होतं, पोरीचं लग्न ठरवताना पाहिलं होतं. इतका वेळ घेताना पाहिलं नव्हतं. शेवटी ते वळले, गाडीच्या मागे गेले आणि चादर मागच्या दारावर बांधली. नीट बांधली, चारही कोपरे ओढून. मग ओल्या पोत्याने पुढचा बंपर पुसला आणि येऊन बसले.

"चल," ते म्हणाले. कोणाला उद्देशून, ते समजलं नाही. गाडी सुरू झाली.

चढ तिने दुसऱ्या गिअरमध्ये, एकदाही न कण्हता घेतला. वाफ नाही, वास नाही, आवाज नाही. काका काट्याकडे न बघता चालवत होते. व्याह्यांच्या दारापर्यंत आता फक्त एक गल्ली होती, आणि त्यांनी हॉर्नवर हात ठेवला.

गल्ली बंद होती. व्याह्यांनी मांडव घरापुढून काढून गल्लीच्या तोंडापर्यंत आणला होता, बांबू रस्त्यात रोवलेले. आम्हाला मराठी शाळेच्या मागे गाडी लावायला सांगण्यात आलं. तिथे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या होत्या. नवरी तिथे उतरली आणि शालू वर धरून आमच्याबरोबर मांडवापर्यंत चालत गेली.

मांडवाच्या तोंडाशी व्याही स्वागताला उभे होते. त्यांनी काकांना नमस्कार केला, हातात हात घेतला आणि आपुलकीने विचारलं, "एसटीला फार गर्दी नव्हती ना?"

गर्दी नव्हती. बाकीचं वऱ्हाड एसटीनेच आलं होतं आणि आम्ही पोचलो तेव्हा त्यांचं सरबत पिऊन झालं होतं.